उथळ म्हणून वगळलेल्या दोन रेषा

उस्मानभाई, तुमच्या जागी आलेला माणूस इंजिन बंद करत नाही.

माणूस वाईट नाही. वेळेवर येतो, सगळ्यांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघतो, माझ्याशी अदबीनं हिंदीत बोलतो. पण समुद्री गवताच्या पट्ट्यावर आलो की तो फक्त वेग कमी करतो. तुम्ही तिथं इंजिनच बंद करायचात, एक हात वर धरायचात, आणि बोटीवरची सगळी पदवीधर मंडळी पहिलीच्या वर्गासारखी गप्प व्हायची. मग बोट नुसती वाहत राहायची. आमच्या शुक्लासाहेबांनी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरांनी, एकदा तुम्हाला विचारलं होतं, "उस्मानभाई, टाइमशीट में ये क्या लिखूँ?" तुम्ही म्हणालात, "सुनना." टाइमशीटमध्ये तसा रकाना नव्हता. अजूनही नाही.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहा, असं संपादकांनी सांगितलंय. जन्म, शिक्षण, कार्य या क्रमानं. तो क्रम मला जमणार नाही. तुमची जन्मतारीख तुम्हालाच ठाऊक नव्हती. पासपोर्टवर एक जानेवारी होती आणि त्या दिवशी ऑफिसात केक आला की तुम्ही म्हणायचात, "आमच्या गावात निम्मा मोहल्ला एकाच दिवशी जन्मलाय, त्याला कोण काय करणार?" शिक्षण चौथी. कार्य काय सांगू? आखाताच्या काठावर कुणाला धक्का, बंदर, रिसॉर्ट बांधायचं असेल, तर त्याआधी तिथल्या पाण्यात काय जगतं याचा अहवाल द्यावा लागतो. सौदीतल्या दम्मामची आमची कंपनी तो अहवाल करते. तुम्ही बोट चालवायचात, मी अहवाल लिहायचो. तुम्ही समुद्र बघायचात आणि मी त्याचं इंग्रजी करायचो. म्हणून मी 'मास्तर'. सुरुवातीला 'साहेब' होतो. वर्षभरात तुमच्या लक्षात आलं की त्यात काही तथ्य नाही.

मला तुमच्याशी एक भांडण पुरं करायचं आहे, म्हणून लिहितोय. मराठीत लिहितोय, कारण शुक्लासाहेब मराठी वाचत नाहीत, आणि परवानगी देणाऱ्या खात्यात तर कुणीच वाचत नाही.

भांडण डुगाँगवरून. मंडळातल्या वाचकांसाठी सांगतो: म्हशीएवढं, करड्या रंगाचं, समुद्रात राहून फक्त गवत खाणारं जनावर. समुद्रगाय. इथले अरब कोळीसुद्धा त्याला त्यांच्या भाषेत समुद्रगायच म्हणतात. दर काही मिनिटांनी श्वासाला वर यावं लागतं. पोहतं सावकाश, चावत नाही, ओरडत नाही, एका वेळी एकच पिल्लू देतं आणि ते वर्षभराहून अधिक काळ आईला सोडत नाही. अहवालात मी त्याला 'संकटग्रस्त प्रजाती' म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, "गरीब जनावर."

तो पर्यावरण दिनाचा समारंभ आठवतो? पंचतारांकित हॉटेलचा हॉल, एसी इतका की पाहुणे स्वतःला शाली लपेटून पृथ्वीच्या तापमानवाढीवरचं भाषण ऐकत होते. तुम्हाला मंचावर बोलावून काचेचं काहीतरी हातात दिलं. पाठीमागे भिंतभर बॅनर होता आणि त्यावर समुद्रगाय. तुम्ही फोटोसाठी वळायचं सोडून बॅनरकडेच वळलात. सगळ्यांना वाटलं, गहिवरले. खाली उतरून माझ्या कानाशी आलात.

"मास्तर, हे कुणाचं जनावर?"

"आपलंच. डुगाँग."

"नाय रे. शेपूट बघ. भाकरीसारखी गोल. आपल्याची मधून चिरलेली असते, डॉल्फिनसारखी."

घरी जाऊन पाहिलं. तुमचं बरोबर होतं. तो मॅनेटी होता, अमेरिकेतला, आपल्याचा लांबचा चुलतभाऊ. फोटो फुकट मिळाला म्हणून लावला होता. त्याच्याविषयी वाचत बसलो तर वाटलं, हाल मात्र सख्ख्या भावाचे आहेत: त्याच्या पाठीवर बोटींच्या पंख्यांचे वार असतात, इतके की संशोधक त्या व्रणांवरूनच एकेकाला ओळखतात. शुक्लासाहेबांना मी शेपटीचं सांगितलं. ते म्हणाले, "अरे यार, पूँछ कौन देखता है?" दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ते वाक्य सांगितलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तेच तर. सगळ्यांना तोंडच बघायचं असतं."

त्याच वर्षी हिवाळ्यात, एका दुपारी डबा खाताना, तुम्ही मला विचारलंत, "सात वर्षं ह्या जनावरावर लिहितोस. कधी बघितलंस?"

"फोटोत."

"फोटोत तर माझी बायको पण हसते. जुम्म्याला सकाळी ये. ऑफिसची बोट नको. फोन गाडीत ठेवायचा. आणि नमाजाच्या आत परत."

दम्मामहून दक्षिणेला बराच वेळ गाडीनं गेलो. तुमच्या दोस्ताची छोटी फायबरची बोट होती. चौकीवर कागद दाखवले आणि निघालो. पाणी इतकं स्थिर की त्यावर सही करता आली असती. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तुम्ही मला किनाऱ्याकडे तोंड करून उभं केलंत. "ते आणि ते, एका रेषेत आलं? आता डावीकडं बघ. तिथलं ते आणि मागचं ते. दोन्ही जोड्या जुळल्या की आपण जागेवर." मग पाढे म्हणायला लावावेत तसं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलंत. चुकलो तेव्हा म्हणालात, "माझ्या बापानं मारून शिकवलं. तू शिकलेला, तुला तोंडी पुरे." कुठली टाकी, कुठला मिनार, ते इथं लिहिणार नाही. निदान या दोन पानांपुरता तुम्हाला दिलेला शब्द पाळू द्या.

तुम्ही इंजिन बंद केलंत. आधी काहीच नाही. मग डाव्या बाजूला एक श्वास ऐकू आला, सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा. दोन नाकपुड्या वर आल्या, झाकण उघडावं तशा उघडल्या, मिटल्या, गेल्या. मग उजवीकडे. मग सगळीकडे. वीसेक मोजले आणि सोडून दिलं. तळ स्वच्छ दिसत होता. हिरव्या गवतातून फिकट वळणदार पट्टे गेले होते, चरत गेल्याच्या खुणा. एक मादी आपल्या बोटीच्या अगदी जवळून गेली. पिल्लू तिच्या पाठीला चिकटलेलं, ती वर आली की तेही वर, ती बुडाली की तेही खाली. तुम्ही हळूच म्हणालात, "गेल्या साली पण आली होती ही. कानाच्या मागं कापल्यासारखं आहे बघ." मला कान दिसला नाही. मला तर सात वर्षांत लिहिलेली माझी वाक्यं दिसत होती, आणि त्यांतलं एकही पाण्यावर तरंगत नव्हतं.

त्या सकाळबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. कारण लगेच दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी भांडायला लागलो.

"उस्मानभाई, ही जागा तर आपल्या सर्व्हेत येते."

"येते."

"अकरा आणि बारा नंबरची रेषा."

"होय."

आमचं सर्वेक्षण असं असतं: नकाशावर सरळ रेषा आखायच्या, एकेका रेषेवरून बोट न्यायची, दोन्ही बाजूंना दुर्बीण घेऊन माणसं बसवायची. बोट कुठं न्यायची नाही, याबद्दल मात्र कॅप्टनचा शब्द शेवटचा. वर्षापूर्वी तुम्ही म्हणाला होतात की अकरा आणि बारावर खडक आहेत, पाणी उथळ आहे, बोट लागेल. त्या दोन रेषा वगळल्या. बाकीच्या रेषांवर एकही जनावर दिसलं नाही.

"तुम्ही तर म्हणाला होतात, बोट लागेल."

"मोठी बोट, काय सांगावं. लागली असती कदाचित."

"लागली असती?"

तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "नसती."

मग तुम्ही ते सांगितलंत, जे सात वर्षांत सांगितलं नव्हतं. खाडीच्या तोंडाशी तुमच्या वडिलांची तांबोशी मासळीची एक जागा होती, पाण्याखालचा खडक, पिढ्यान्‌पिढ्या घरातच राखलेला. विशीत असताना तुम्ही ती फुशारकीनं मेव्हण्याला दाखवलीत. पुढच्या मोसमात तिथं ट्रॉलर आले. "बाप दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. मग मेला." आणि इथं आल्यावर, पहिल्या वर्षी मासेमारीच्या लाँचवर असताना, जाळ्यात समुद्रगाय आली. जाळ्यानं खाली धरून ठेवली, श्वासाला वर येता आलं नाही. "पाण्यातलं जनावर पाण्यात बुडून मरतं, ते मला तेव्हा कळलं. लाँचवर सगळ्यांनी खाल्लं. मी पण खाल्लं. चव विचारू नको."

"म्हणून कुणाला सांगायचं नाय," तुम्ही म्हणालात. "कागदावर आलं की आधी फोटोवाले येतात. मग 'चला, दाखवतो' म्हणणारे. मग त्यांना बसायला हॉटेल."

"आणि कागदावर नाही आलं, तर ते नाहीतच असं धरतात! मीच लिहिलंय तसं. उद्या तिथून स्पीडबोटींचा रस्ता काढतील. वरून पंखे, खालून चिखल. गवत मेलं की हे जाणार कुठं?"

"मास्तर, तुझ्या कागदानं आजवर कुणाला वाचवलंय? एक नाव सांग."

ते नाव मी अजून शोधतोय, उस्मानभाई.

तुम्ही हात पुढं केलात. "शब्द दे. कुणाला सांगणार नाय." मी दिला. खरं सांगू? पटलं म्हणून दिला नाही. तुम्ही मला तिथवर नेलंत, म्हणून दिला. एखाद्यानं आपल्याला घरात, अगदी माजघरात घ्यावं आणि आपण त्याच्याशी दाराच्या कडीवरून वाद घालावा, तसं वाटलं.

पुढचं तुम्हाला मी सांगितलं नाही. तेच तर राहून गेलं.

ज्याच्यासाठी आपण तो सर्व्हे केला होता, त्या रिसॉर्टला उन्हाळ्याच्या तोंडावर परवानगी मिळाली. कागदपत्रांत आपल्याच अहवालातलं वाक्य होतं: या क्षेत्रात डुगाँग आढळले नाहीत. 'अकरा व बारा क्रमांकाच्या रेषा उथळ पाण्यामुळे वगळल्या', ही माझी तळटीप होती, पण तळटीप कोण वाचतं? मी आयुष्यभर तळटिपा लिहिल्यात, मला माहीत आहे. सारांशात दोन वगळलेल्या रेषा आणि दोन रिकाम्या रेषा एकच झाल्या. आणि बोटींचा रस्ता आखला गेला तो नेमका अकरा आणि बाराच्या मधून, कारण नकाशावर तोच सगळ्यात मोकळा भाग होता. तुम्ही त्या जनावरांना लपवायला जी जागा मोकळी ठेवलीत, तीच.

हे तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार? रोज ठरवायचो. तुम्ही सुरमई घेऊन यायचात, माझ्या चहाला 'गरम पाणी' म्हणायचात, आणि माझा दिवस तसाच मावळायचा. मग गेल्या महिन्यात एका दुसऱ्याच कामावर जाताना आपली बोट तिथून गेली आणि बोटींचा रस्ता आखणारे पिवळे तरंगते बोये समोर आले. एका ओळीत, नवेकोरे. तुम्ही वेग कमी केलात. एकेक बोया बघितलात, मोजल्यासारखा. माझ्याकडे पाहिलं नाहीत. कुणालाच उद्देशून न बोलता "यल्ला", चला, म्हणालात आणि पुढं निघालात. परतीच्या वाटेवर गाडीत पुतण्या रिझवानच्या लग्नाचं बोलत राहिलात. बिल्डिंगखाली उतरताना दार धरून म्हणालात, "मास्तर, थंडी पडली की येतील ते."

एवढंच. त्यात काय होतं, उस्मानभाई? परवानगी होती? ताकीद होती? की नुसता हवामानाचा अंदाज? मी त्या वाक्याला सोळा दिवस उलटंपालटं करतोय. तुम्ही दोन मिनिटं जास्त थांबला असता, मी गाडी बंद करून खाली उतरलो असतो, तर कदाचित सगळं बोललो असतो. मी हात हलवला आणि गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज पढून पडलात ते उठला नाहीत. रिझवानचा फोन आला. दुपारच्या असरच्या नमाजानंतर दफन झालं. मी कबरस्तानच्या फाटकाबाहेर उभा होतो, तिथवरच माझी हद्द. इथल्या कबरींवर नाव नसतं, नुसता दगड असतो. मंचावरचं ते काचेचं काहीतरी आठवलं आणि वाटलं, हे तुम्हाला शोभतं. माणसं बाहेर पडली तेव्हा रिझवान माझा हात हातात घेऊन म्हणाला, "चाचा तुमचं फार नाव घ्यायचे. म्हणायचे, मास्तरला सांगितलेलं कधी बाहेर जात नाय." मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री नाही, चौथ्या दिवशी मी पत्र लिहिलं. परवानगी देणाऱ्या खात्याला. तुमच्या चारही खुणा, त्यांच्या जोड्या, मग नकाशावरचा नेमका बिंदू. पाढे चुकलो नाही. आधी मसुदा शुक्लासाहेबांना दाखवला. वाटलं होतं, फाडून टाकतील. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "ठीक है, भेज दो. बस, लिख दो कि कैप्टन ने ग़लत बताया था. अब वो तो रहे नहीं. बात खलास."

बघा, किती सोपं होतं. तुमचं नाव दिलं की कंपनी सुटत होती, मी सुटत होतो, माझा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, शाबूत राहत होता आणि मुलीची दहावी इथंच पुरी होत होती. शिवाय ते खोटंही नव्हतं. त्याचाच त्रास झाला. दोन दिवस मी त्या एका वाक्यापाशी अडून बसलो. बायको म्हणाली, "त्यांना विचारता आलं असतं तर?" मी म्हटलं, "तर ते म्हणाले असते, घाल माझं नाव, मला कुठं नोकरी करायचीय आता?" ती म्हणाली, "मग?" मी म्हटलं, "म्हणूनच नाही घालायचं."

शेवटी लिहिलं ते असं: ज्या दोन रेषांवर सर्वेक्षण झालंच नाही, त्या मी अहवालाच्या सारांशात रिकाम्या म्हणून दाखवल्या. ही माझी चूक आहे. तिथं डुगाँगचा कळप मी स्वतः पाहिला आहे. आमच्या कॅप्टनना हा भाग आम्हा सर्वांपेक्षा जास्त माहीत होता आणि आम्ही त्यांना नीट विचारलं नाही. खाली माझं नाव, माझी सही. यात खोटं काही नाही. सगळं लिहिलं नाही, एवढंच. ती कला मी तुमच्याकडूनच शिकलो. शुक्लासाहेबांनी दुसऱ्यांदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "बेवक़ूफ़ हो तुम," आणि पाठवू दिलं. माझं पुढं काय होणार, ते अजून कुणी बोललेलं नाही.

उत्तर काल आलं. गुरुवारी खात्याची माणसं घेऊन जागेवर जायचं आहे. दिसले, तर रस्ता हलवण्याचा विचार करू, म्हणतात. 'विचार करू' म्हणजे काय, ते मी पंचवीस वर्षं नोकरी करून जाणतो. तुम्ही माझ्या आशेला हसायचं कारण नाही. तरी जायचं आहे. नवा कॅप्टन बोट नेईल, मी किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहीन आणि त्याला हातानं दाखवीन, अजून डावीकडे, अजून थोडं, बस. कालपासून पहाटे हवेत गारवा आहे. ज्या जागेवर तुम्ही परक्या माणसाला कधी आणलं नाहीत, तिथं मी एका दिवसात सहा माणसं आणणार.

जनावरं तिथं असतील, तर तुमचा शब्द मोडल्याचं मला फार वाईट वाटेल, उस्मानभाई. नसतील, तर तो मी उशिरा मोडला.